विचारून काढलेली स्प्रिंग

मला चिमटीत धरू नका, हरवेन. लांबूनच ऐका. तांदळाचा एक लांबट दाणा डोळ्यांसमोर आणा, तेवढीच मी. पोलादाच्या बारीक तारेचे नऊ वेढे आणि दोन टोकांना दोन आकडे. मी एक स्प्रिंग आहे. एवढ्याशा जिवाला सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हांला वाटेल. मलाही तसंच वाटायचं.

माझा जन्म दूरच्या एका थंड मुलखातला. लांबलचक कारखान्यात तार सळईवर गरागरा गुंडाळली गेली, कापली गेली आणि मी परातीत पडले. परातीत माझ्यासारख्या हजारो होत्या. एका बाईनं न बघताच दोघींना उचललं, आणि त्या क्षणापासून ती दुसरी माझी जुळी बहीण झाली.

आम्हांला जिथं बसवलं ती गाडी पाठीनं गोल होती, तिचं छप्पर कापडाचं होतं. फ्रेंच लोकांनी तिला लाडानं 'दोन घोडे' असं नाव ठेवलेलं. आमचं घर म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी, पंख्याच्या मागं असलेली एक बंद डबी. इंजिनात ठिणगी पडते हे तुम्हांला ठाऊक असेल. गाडी हळू असली की ती ठिणगी जरा उशिरा पडायला हवी, वेगात असली की जरा लवकर. हे सांभाळायला डबीत दोन छोटी वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर पळू बघतात, आणि त्यांना मागं खेचून धरतो आम्ही दोघी. आमचं काम एवढंच. वेगाबरोबर ताणायचं आणि वेग उतरला की परत आखडायचं.

डबीत उजेड नाही, खिडकी नाही. मी जग पाहिलं ते मालकाच्या पायातून. पाय जोरात पडला की मी ताणली जाते, हलका पडला की सैलावते. त्यावरून माणूस कळतो. खोटं सांगत नाही, चेहऱ्यापेक्षा चांगला कळतो.

जहाजातून, मग आगगाडीतून आम्ही अंताननारिवोला आलो, मादागास्करच्या डोंगरावरच्या या शहरात. पहिली मालकीण भूगोल शिकवणारी एक फ्रेंच बाई होती. तिचा पाय भित्रा. चार वर्षांत मी एकदाही पुरती ताणले गेले नाही. मग देशात उलथापालथ झाली, फ्रेंच माणसं सामान बांधून परतू लागली, आणि आमची गाडी रामानित्रा नावाच्या पंचविशीतल्या माणसाच्या हाती आली. त्यानं तिला सायीच्या रंगाचा हात दिला आणि टॅक्सी केली.

आता जगणं सुरू झालं! हे शहर म्हणजे नुसते चढ आणि उतार. चढावर रामानित्राचा पाय दाबलेला असायचा, तांदळाची पोती, बदकांच्या टोपल्या, मागं तीन आणि पुढं दोन माणसं, आणि मी तारेच्या शेवटच्या ताकदीपर्यंत ताणलेली. माणसंही अशी की गाडी धापा टाकू लागली की न सांगता उतरायची, ढकलायची आणि चढ संपला की पुन्हा आत बसायची. कुणी कुणाला काही म्हणायचं नाही. आणि उतार लागला की रामानित्रा पेट्रोल वाचवायला इंजिनच बंद करायचा. गाडी आवाज न करता खाली घरंगळायची. त्या शांततेत मला आतलं बोलणं ऐकू यायचं. अख्ख्या शहराची सुखदुःखं मी अशी उतारावर ऐकली आहेत.

एकदा पहाटे त्याचा पाय थरथरत होता. कधी दाबायचा, कधी दचकून उचलायचा. मागं कुणीतरी कण्हत होतं. ती एस्तेरा होती, त्याची बायको. संध्याकाळी परतताना मात्र पाय इतका हलका होता की मला वाटलं, गाडीत अंडी ठेवली आहेत. फारावुहित्राच्या उतारावर इंजिन बंद झालं आणि अंड्यांच्या जागी एक बारीक रडणं ऐकू आलं. मुलगा झाला होता. इतक्या जड पायाचा माणूस इतका हलका होऊ शकतो, याचं नवल मला आजही वाटतं.

अशी एकेचाळीस वर्षं. मग एका संध्याकाळी रामानित्रानं गाडी अंगणात लावली. नेहमीसारखी टपावर थाप मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी आलं नाही. मग रडण्याचे आवाज आले, मग भजनांचे, मग खूप माणसांच्या पावलांचे. नंतर कोंबड्यांचे.

नऊ वर्षं कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालत होत्या. बहीण आणि मी अर्धवट आखडलेल्या अवस्थेत, कुठं ताणायचं नाही, कुठं सैलावायचं नाही. गंजलो नाही, कारण डबीत तेलाचा हलकासा थर होता. एवढंच आमचं नशीब.

दर थंडीत एक भंगारवाला यायचा. आंबातुलांपी गावाकडे अशी इंजिनं वितळवून स्वयंपाकाची पातेली ओततात, त्यासाठी तो गाड्या गोळा करायचा. मुलगा आता परदेशी होता, तोही फोनवर म्हणायचा, देऊन टाक आई. एस्तेरा भंगारवाल्याला दारातच विचारायची, "आणि मग काय, आमच्या ह्यांच्यात मी भात शिजवू?"

तो परत जायचा आणि पुढच्या थंडीत पुन्हा यायचा.

एका बुधवारी मात्र वेगळाच माणूस आला. आवाज पंचेचाळिशीतला, दमलेला. "मावशी, मी लांतु. टॅक्सी चालवतो. तुमच्याकडे दोन घोड्यांची गाडी आहे असं ऐकलं."

"गाडी विकायची नाही."

"गाडी नको मला. गाडीतली एक स्प्रिंग हवी. एवढी." त्यानं बोटांनी माप दाखवलं असावं, कारण एस्तेरा हसली.

"एवढ्यासाठी हा चढ चढून आलास? बाजारात मिळत नाही?"

मग मला कडी सरकल्याचा आवाज आला. ती त्याला आत घेऊन आली, आणि गाडीपाशीच्या ओट्यावर बसून लांतुनं सगळं सांगितलं. त्याच्या गाडीतल्या दोन स्प्रिंगांपैकी एक तुटली होती. आधी चढावर इंजिन ठोके घ्यायला लागलं. त्यानं दुर्लक्ष केलं. मग एका सकाळी बॅटरी उतरली म्हणून त्यानं पुढून हँडल फिरवून गाडी चालू करायला घेतली. ठिणगी वेळेआधीच पडली, हँडल उलटं फिरलं आणि त्याचं मनगट मोडलं.

"हे बघा, प्लास्टर."

"बघते आहे. आणि म्हणून बाजार पालथा घातलास?"

"तीन आठवडे. आंद्रावुआहांगीच्या बाजारात जुन्या सामानाची एकही चटई सोडली नाही." काडेपेटी उघडल्याचा आवाज आला. "ही पेनातली. फार मऊ. ही लायटरमधली, हिला आकडेच नाहीत. ही कुलपातली. हीसुद्धा कुलपातलीच, दुसऱ्या. ही एका घड्याळजीनं दिली, म्हणाला बसेल. कशी बसेल? ही कशातली आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. अकरा जमल्या, मावशी, आणि अकराही चुकीच्या."

डबीत बसून मी हे ऐकत होते आणि माझा विश्वास बसत नव्हता. जिला उचलताना कारखान्यातल्या बाईनं नजरही टाकली नव्हती, तिच्यासारखीच्या शोधात एक माणूस मोडका हात गळ्यात बांधून तीन आठवडे शहर तुडवत होता!

"नाही मिळाली तर?" एस्तेरानं विचारलं.

"येत्या सोमवारी तो आंबातुलांपीचा माणूस येणार आहे. मी हो म्हणून बसलोय. बावीस वर्षं चालवतोय तिला. दुसरं काही येत नाही मला."

एस्तेरा म्हणाली, "ही गाडी माझी नाही. ह्यांची आहे. ह्यांना विचारल्याशिवाय तिचं पोट फाडता येणार नाही."

"विचारा ना, मावशी," लांतु म्हणाला. त्याला यात काहीच विचित्र वाटलं नाही. इथं गेलेल्यांना विचारतातच. ते ऐकत असतात, असं सगळे धरून चालतात, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस्तेरा अंगणाच्या ईशान्य कोपऱ्यात उभी राहिली. पूर्वजांचा कोपरा तो. बाटलीच्या बुचातून थोडी रम जमिनीवर ओतल्याचा वास डबीपर्यंत आला.

"अहो, ऐकताय ना?" ती म्हणाली. "एक लांतु म्हणून आलाय. टॅक्सीवाला आहे, तुमच्यासारखाच. बायकोनं वाढलेलं वेळेवर न खाणारा दिसतोय, तेही तुमच्यासारखंच. त्याला तुमच्या गाडीतली एक स्प्रिंग पाहिजे. नऊ वर्षं मी कुणाला हात लावू दिला नाही, तुम्हांला ठाऊक आहे. कोंबड्यांचं सोडा, त्या ऐकत नाहीत. पण हा हात मोडून घेऊन आलाय. देऊ का नको, ते सांगा. स्वप्नात या, नाहीतर कसंही सांगा. रविवारपर्यंत सांगा, सोमवारी त्याची गाडी जाणार आहे."

मी आयुष्यभर कुणाला न दिसता काम केलं. आणि आता माझ्याविषयी एक बाई आपल्या गेलेल्या नवऱ्याशी, एवढ्या आदबीनं, नावानिशी बोलत होती. माझ्या नऊही वेढ्यांमधून काहीतरी सरसरत गेलं.

लांतु रोज येऊ लागला. येताना कोपऱ्यावरच्या बाईकडून तांदळाचे गरम गोड आप्पे आणायचा. दोघं ओट्यावर बसून खायची, वर करपलेल्या भाताचं गरम पाणी प्यायची.

"काही बोलले का काका?"

"नाही."

शुक्रवारीही नाही. शनिवारीही नाही. शनिवारी लांतुचा आवाज अगदी खाली गेला होता. "मावशी, काका रागावले असतील का?"

"रागावले की स्वप्नात येऊन भांडी आपटतात. सासूबाई येतात ना, तशा. हे आलेच नाहीत."

रविवारी चर्च सुटल्यावर एस्तेरा घरात न जाता थेट गाडीपाशी आली. लांतु आधीच येऊन बसला होता, आणि या खेपेला त्याच्याबरोबर रादु नावाचा मेकॅनिक होता. अवजारांची पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला. त्यानं पिशवी हळूच ठेवली. हो म्हणतील की नाही याची खात्री नसलेला माणूस ठेवतो तशी.

"आले नाहीत," एस्तेरा म्हणाली. "चार दिवस वाट पाहिली. मग मघाशी गाणं म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं. अरे, हा माणूस जिवंतपणी तरी कुठं उत्तर द्यायचा? घर रंगवू का, गप्प. मुलाला बाहेर पाठवू का, गप्प. आणि मी ठरवलं की म्हणायचे, बरोबर केलंस." ती नाक ओढून हसली, की रडली, ते मला डबीतून कळलं नाही. "मीच ठरवायचं आहे. उघड रे, रादु. कोंबड्या हाकल आधी."

रादुनं पुढची जाळी काढली, पंखा काढला. मग डबीचे स्क्रू फिरू लागले. जन्मात पहिल्यांदा आमच्यावर ऊन पडलं.

मी तेव्हा आभाळ पाहिलं. एवढं मोठं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि आभाळाच्या कडेनं तीन डोकी आत वाकली होती. एक टक्कल, एक विसकटलेल्या केसांचं, आणि एक पांढऱ्या वेण्यांचं, खांद्यावर चर्चला जायची पांढरी शाल. इतकी वर्षं जिचा आवाज ऐकला, तिचा चेहरा मी पहिल्यांदा पाहत होते.

"कुठं आहे?"

"ह्या दोन, मावशी."

"ह्या?" एस्तेरानं चष्मा वर केला, खाली केला. "एवढ्याशा? अरे, ह्या एवढ्याशा गोष्टी त्यांना फारावुहित्राच्या चढावर सांभाळून नेत होत्या?"

रादुनं सायकलच्या तारेचा आकडा करून आम्हां दोघींना अलगद बाहेर काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. तळहात ऊबदार होता.

"दोन्ही नेणार?"

"एकच पुरे. लांतुची दुसरी चांगली आहे. तिच्याशी जुळेल ती घेतो."

दाराच्या चौकटीवर तीन खिळे होते. रादुनं एकावर लांतुची, सोबत आणलेली चांगली स्प्रिंग टांगली, दुसऱ्यावर बहिणीला, तिसऱ्यावर मला. तिघींना एकच नट आळीपाळीनं लटकवला आणि कोण किती ताणली जाते ते कंगव्याच्या दात्यांवर मोजलं. आंधळेपणानं जिथं आम्हांला उचललं गेलं होतं, तिथंच आमचं आयुष्य ठरलं असं मी समजत होते. आता एक माणूस केसाएवढा फरक शोधत डोळे बारीक करून उभा होता.

"ही," तो म्हणाला, आणि त्यानं मला खिळ्यावरून काढलं.

"दुसरी परत बसव जागच्या जागी," एस्तेरा म्हणाली. "एक त्यांच्यापाशी राहू दे. सगळंच दिलं तर म्हणतील, मी गेलो आणि हिनं घर झाडून दिलं."

बहिणीला मी शेवटचं पाहिलं ते डबीवर झाकण पडताना. आम्ही एकमेकींना कधी स्पर्श केला नव्हता, फक्त एकाच वेळी ताणलो होतो. निरोप कसा घ्यायचा हे स्प्रिंगांना शिकवलेलं नसतं.

लांतुची गाडी उताराच्या तळाशी, त्याच्या घरापुढे उभी होती. एस्तेराही मागोमाग आली. "ती चालू झालेली बघितल्याशिवाय मला भात जायचा नाही," असं म्हणत. रादुनं मला बसवलं. शेजारी ती अनोळखी स्प्रिंग होती, माझ्याच जातीची, पण दुसऱ्या वर्षाची. झाकण बंद झालं. अंधार झाला.

आता हँडल कोण फिरवणार? लांतुचा हात प्लास्टरमध्ये. रादुला आत बसून चावी आणि पाय सांभाळायचा होता. आणि खरं सांगायचं तर त्या हँडलची दोघांनाही भीती वाटत होती. मलाही. माझ्यातच काही उणं असलं तर आणखी एक मनगट मोडणार होतं.

"सरका," एस्तेरा म्हणाली.

"मावशी, नाही हां! अडुसष्ट वर्षांच्या..."

"तुझा हात कसा मोडला सांगू? हँडल असं मुठीत धरलं असशील, अंगठा खालून घालून. हो ना? अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो, खुळ्या. म्हणजे उलटं फिरलं तरी हातातून सुटतं. आणि खाली ढकलायचं नाही, वर ओढायचं. थंडीच्या दिवसांत रोज सकाळी कोण फिरवायचं वाटतं तुला? ते आत बसायचे ऐटीत आणि मी हँडलवर!"

शाल कमरेला खोचल्याचा आवाज आला. मग दांडा आत येऊन घट्ट बसला. तिनं एकदा हळू फिरवून अंदाज घेतला. मग वर ओढलं.

मी वजन धरून ठेवलं. एवढंच केलं, पण जन्मभरात एवढ्या जिवानिशी केलं नव्हतं. ठिणगी वेळेवर पडली. इंजिन एकदा खोकलं, थांबलं. तिनं पुन्हा ओढलं. या वेळी ते खोकलं, दोनदा गुरगुरलं, आणि लागलं! बाहेर लांतु ओरडत होता, शेजारपाजारचे धावत आले होते, कुणाची तरी बदकं कलकलत होती. सगळ्यांत वरचढ आवाज एस्तेराचा होता. ती खळखळून हसत होती.

ते लगेच फारावुहित्रा चढले. रादु चालवत होता, शेजारी एस्तेरा, मागं लांतु. इंजिननं एकही ठोका घेतला नाही. वर पोचल्यावर रादुनं उतारावर इंजिन बंद केलं, जसं या शहरात सगळेच करतात. गाडी निःशब्द घरंगळू लागली. तळ्याकाठची जांभळ्या फुलांची झाडं फुलली होती म्हणे. मागून लांतु तिला ती दाखवत होता. गाडी खाली येऊन थांबली. रादुनं विचारलं, "मावशी, आता घरी सोडू?"

"नको," ती म्हणाली. "पुन्हा एकदा वर ने."

याला आता दोन वर्षं झाली. लांतुचा हात बरा झाला आहे. त्याचा पाय मला पाठ झाला आहे. थोडा अधीर आहे, पण मनाचा सरळ आहे. शेजारणीशी माझं जमलं आहे. माझे वेढे मात्र पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, ते माझं मला कळतं. तारेला किती वेळा ताणायचं याला मोजमाप असतं, आणि माझं बरंचसं संपलं आहे. त्याचं दुःख नाही. मोठमोठी माणसं माझ्यासारखीला मोजायला, विचारायला, वाट बघायला थांबली, हे मी पाहिलं. याहून जास्त काय पाहायचं असतं?

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याही एखाद्या डब्यात, खणात, बंद पडलेल्या यंत्राच्या पोटात अशी बारीक वस्तू पडून असेल, आणि कुठंतरी कुणाचा तरी धंदा तिच्यावाचून अडलेला असेल. तो माणूस दारात आला तर ती द्यायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हसून दार लावू नका. त्याला निदान तिचं माप घेऊ द्या.

बास, एवढंच बोलते. पुढच्या सीटवर कुणीतरी पोतं ठेवलं, मागं तिघं बसले, लांतुनं पाय दाबला. चढ लागलाय, मला ताणायला हवं.